वारसा आणि ऋण

मालवणच्या धक्क्यावर उभें राहून पश्चिमेकडे दृष्टि टाकली म्हणजे कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग समोर दिसतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं शिवछत्रपतींनीं या दुर्गाचा पाया घातला आणि १६६७ सालीं तो पुरा झाला. तेव्हांपासून साडेतीनशेंहून अधिक पावसाळे त्याच्या तटानें आपल्या छातीवर झेलले आहेत. चोहोंकडे खारें पाणी असतां आंतील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींचें पाणी मात्र गोडें. हें सारें पाहणाऱ्यास साहजिकच वाटतें कीं, येथें कांहीं म्हणून बदललेलें नाहीं. तीच लाट, तोच वारा, तोच तट.

परंतु हें वाटणें फसवें आहे. ज्या हवेंत हा दुर्ग उभा राहिला ती हवा आज उरलेली नाहीं. त्या काळीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे, म्हणजे आपण ज्याला कर्बवायु म्हणतों त्याचे, सुमारें २८० भाग असत. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. १८५० ते १९०० या काळाच्या मानानें पृथ्वीपृष्ठाचें सरासरी उष्णमान २०११ ते २०२० या दशकांत सुमारें १.१ अंश सेल्सिअसनें वाढलेलें होतें, आणि २०२४ हें एक साल तर दीड अंशाचीही रेषा ओलांडून गेलें. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगांतील समुद्राची पातळी सरासरीनें सुमारें २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत, वर चढली. एक वीत म्हणजे असें काय मोठें, असें घाटावरच्या माणसास वाटेल. ज्याचें घर भरतीच्या रेषेपासून हातभरच उंच आहे, त्यास तसें वाटत नाहीं.

असें एक गांव मालवणच्या दक्षिणेस आहे. तारकर्ली मागें टाकून पुढें गेलें कीं देवबाग लागतें. एका अंगास कर्ली नदी, दुसऱ्या अंगास अरबी समुद्र, आणि मध्यें माडांनीं भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी, असें त्याचें रूप. तेथें गाबीत समाजांतील एका वृद्ध बाईंशीं बोलण्याचा योग आला. त्या ओटीवर जाळें उसवीत बसल्या होत्या. समुद्राकडे हात करून त्या एवढेंच म्हणाल्या, “दर्याचा पाणी आता घराक लागता. ह्यात आमचा काय चुकला?” प्रश्न साधा होता, परंतु जगांतील मोठमोठ्या राष्ट्रांच्या परिषदा गेलीं तीस-पस्तीस वर्षें ज्या प्रश्नाभोंवतीं घोटाळत आहेत, तो नेमका हाच. त्याचें उत्तर शक्य तितकें नीट शोधावें, एवढ्याकरितां हा लेख.

शांत समुद्र अशांत कां झाला?

अरबी समुद्र हा वादळांच्या बाबतींत बंगालच्या उपसागरापेक्षां शांत, अशी त्याची पूर्वापार ख्याति. ती ख्याति आतां ओसरूं लागली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेंतील संशोधकांनीं २०२१ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८२ ते २००० या एकोणीस वर्षांच्या मानानें २००१ ते २०१९ या एकोणीस वर्षांत अरबी समुद्रांतील चक्रीवादळें ५२ टक्क्यांनीं वाढलीं, असें त्यांत दिसून आलें. कारण समजण्यास कठीण नाहीं. चक्रीवादळ हें समुद्राच्या पाण्यांतील उष्णतेवर पोसलें जातें. पाणी जितकें ऊन, तितका वादळास खुराक अधिक. आणि हिंदी महासागराचा हा पश्चिमेकडील भाग झपाट्यानें तापत आहे.

कोंकणच्या माणसास हीं वादळें आंकड्यांनीं नव्हे, नांवांनीं ठाऊक आहेत. नोव्हेंबर २००९ मध्यें ‘फयान’ आलें. ऑक्टोबर २०१९ मध्यें ‘क्यार’ भर समुद्रांतून गेलें, तरी त्याच्या लाटा किनाऱ्यावर येऊन आदळल्या. जून २०२० मध्यें ‘निसर्गा’नें रायगड जिल्हा झोडपला. मे २०२१ मध्यें ‘तौक्ते’ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगतून गुजराथकडे गेलें. तें येथें जमिनीवर उतरलें नव्हतें. नुसतें शेजारून गेलें. तेवढ्यानें घरांचीं छपरें उडालीं, माड आणि हापूसचीं कलमें मुळासकट उन्मळलीं, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गांवांनीं अनेक रात्री अंधारांत काढल्या. आंब्याचें कलम म्हणजे एका हंगामाचें पीक नव्हे. बापानें लावावें आणि मुलानें खावें, असें तें धन. तें एका दुपारींत गेलें.

पाण्याखालींही हीच कथा आहे. मालवणचा समुद्र १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तेथील पोवळ्यांत सूक्ष्म वनस्पति वास करितात. पोवळ्याचा रंग आणि बरेंचसें अन्न त्यांच्याकडूनच येतें. पाणी फार तापलें म्हणजे पोवळें या सोबत्यांना बाहेर टाकतें व पांढरें पडतें. असें पांढरें पडणें मालवणच्या पाण्यांतही संशोधकांना आढळलें आहे. पोवळ्यांच्या आश्रयास मासे येतात आणि माशांच्या आश्रयास माणसें राहतात, हें मालवणांत कोणास सांगावयास नको.

येथें एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणें नमूद केली पाहिजे. देवबागची सारी धूप जगाच्या माथीं मारतां येणार नाहीं. नदीचीं मुखें स्वभावतःच सरकतात. वाळूचा बेसुमार उपसा, कांदळवनांची तोड आणि भलत्या ठिकाणीं केलेलें बांधकाम हेंही किनाऱ्यास दुबळें करितें. तीं कर्में आपलींच. परंतु दुबळ्या झालेल्या किनाऱ्यावर चढून येणारा समुद्र जो अधिक उंच व अधिक ऊन झाला आहे, तो कोणा एका गांवानें केलेला नाहीं.

धुराचा इतिहास

मग तो केला कोणी? त्यासाठीं इंग्लंडकडे वळावें लागतें. जेम्स वॅट यानें सुधारलेल्या बाष्पयंत्राचें पेटंट १७६९ सालीं घेतलें. कोट्यवधि वर्षें भूगर्भांत दडून राहिलेला कर्ब कोळशाच्या रूपानें बाहेर काढून जाळण्याचा सपाटा त्यानंतर सुरू झाला. प्रथम ब्रिटन, मग युरोपांतील इतर देश, मग अमेरिका, या क्रमानें गिरण्या, रेल्वे व आगबोटी जगभर धुराचे लोट सोडूं लागल्या. कोळशामागून खनिज तेल आलें, त्यामागून नैसर्गिक वायु.

या धुराचें मर्म शास्त्रज्ञांना अगदींच अज्ञात होतें असें नाहीं. वातावरण पृथ्वीची उष्णता धरून ठेवतें, हें फ्रान्समधील फूरिये यानें १८२४ सालींच सुचविलें होतें. १८५६ सालीं अमेरिकेंतील युनिस फूट या स्त्रीनें कांचेच्या नळ्यांत निरनिराळे वायु भरून त्या उन्हांत ठेविल्या, आणि कर्बवायूची नळी सर्वांत अधिक तापते व सावकाश निवते, असें दाखवून दिलें. पुढें १८५९ मध्यें टिंडल यानें हे वायु उष्णतेचे किरण कसे शोषून घेतात याचीं काटेकोर मापें घेतलीं. स्वीडनचा आऱ्हेनियस यानें १८९६ सालीं, कर्बवायु दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल, याचें गणितच मांडलें. १९३८ मध्यें कॅलेंडर नांवाच्या इंग्रज बाष्पयंत्र-अभियंत्यानें देशोदेशींच्या वेधशाळांचीं टिपणें जुळवून, पृथ्वी तापूं लागलीच आहे, असें प्रतिपादन केलें. १९५८ पासून हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर कीलिंग यानें हवेंतील कर्बवायु नियमानें मोजण्यास आरंभ केला, आणि शंकेस जागा उरली नाहीं.

गोष्ट घरगुती दृष्टांतानें सांगावयाची तर अशी कीं, पृथ्वीच्या अंगावर वायूंची एक दुलई आहे. ती नसती तर आपण थंडीनें गोठून गेलों असतों. परंतु गेल्या अडीचशें वर्षांत त्या दुलईंत आपण कापूस भरीतच चाललों आहों. आणि या कापसाचा गुण असा कीं, तो एकदां भरला म्हणजे लवकर निघत नाहीं. आज सोडलेल्या कर्बवायूचा मोठा भाग शेंकडों वर्षें हवेंत राहतो. म्हणून १८८० सालीं मँचेस्टरच्या गिरणींतून निघालेला धूर हा आज केवळ इतिहास नाहीं; देवबागच्या ओटीपुढें जो समुद्र उभा आहे, त्यांत त्या धुराचा वांटा आहे.

आपणही या व्यवहारांत अगदींच बाहेरचे नव्हतों. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें गाडी धांवली ती कोळशावरच. मुंबईस चाकरीला निघालेला मालवणचा मुलगा आगबोटीनें जाई, आणि त्या बोटीच्या धुराड्यांतून कोळशाचाच धूर निघे. मात्र वांटा किती, हें पाहण्यासाठीं खतावणी उघडली पाहिजे.

खतावणी

आजवर जगानें कोळसा, तेल व वायु जाळून जो कर्बवायु सोडला, त्याचा सुमारें चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. युरोपीय संघ व ब्रिटन मिळून पांचव्या हिश्शाहून थोडा अधिक. चीनचा सुमारें सातवा हिस्सा. जगांतील सहाव्या हिश्शाहून अधिक माणसें ज्या भारतांत राहतात, त्याचा वांटा अवघा तीन ते चार टक्के. जंगलतोड हिशेबांत धरली तर हे आंकडे कांहींसे हलतात. परंतु खात्याची मोठी बाजू कोणाची, हें हलत नाहीं.

हें झालें एकंदर सांचलेलें ऋण. आतां चालू वर्षांची बाजू. आजमितीस प्रतिवर्षीं सुटणाऱ्या कर्बवायूपैकीं एक-तृतीयांशाच्या जवळपास चीनचा, सुमारें आठवा हिस्सा अमेरिकेचा व सुमारें आठ टक्के भारताचा. म्हणजे चालू खात्यावर चीन पहिला आणि आपणही पहिल्या तिघांत! परंतु दरडोई पाहिलें तर चित्र पुन्हां पालटतें. अमेरिकेंतील माणसामागें वर्षास सुमारें १४ टन, चीनमध्यें ८ टन, जगाची सरासरी पांच टनांच्या आंत, आणि भारतांत सुमारें २ टन.

एकाच वहींतील हीं तीन पानें आहेत. परिषदेंत जो तो आपल्यास सोयीचें तेवढें पान उघडून बसतो. न्याय करावयाचा तर तिन्ही पानें एकत्र वाचलीं पाहिजेत.

स्मृतिकारांचा न्याय

श्रीमंत राष्ट्रांचा पहिला आक्षेप असा: “आमच्या पणजोबांनीं कोळसा जाळला तो अजाणतां. त्यांचें प्रायश्चित्त आम्हीं कां घ्यावें?” आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु ज्या समाजांत ऋणाचा विचार दोन हजार वर्षें चालत आला आहे, त्यास त्याचें उत्तर शोधण्यास दूर जावें लागत नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत दंडक सांगितला आहे कीं, जो मृताची मालमत्ता घेतो, त्यास मृताचें ऋण द्यावयास लावावें. केवळ पुत्र म्हणून बापाचें ऋण फेडण्याची सक्ति आपल्या कायद्यानें २००५ सालीं काढून टाकली. पण जो इस्टेट स्वीकारतो, त्याची त्या इस्टेटीपुरती जबाबदारी कायम आहे. हाच न्याय राष्ट्रांना लावून पाहावा. कोळशाच्या बळावर उभीं राहिलेलीं शहरें, पेढ्या, विद्यापीठें व आरमारें यांचा वारसा ज्यांनीं आनंदानें घेतला, त्यांना त्याच वहींतील नांवेची बाजू फाडून टाकतां येणार नाहीं.

शिवाय अज्ञानाची सबबही अर्धीच लागू पडते. मनुष्यानें आजवर इंधन जाळून सोडलेल्या कर्बवायूपैकीं निम्म्याहून अधिक १९९० नंतरचा आहे. आणि हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाचा पहिला अहवाल त्याच १९९० सालीं जगापुढें आला होता. म्हणजे निम्म्याहून अधिक धूर डोळे उघडे ठेवून सोडलेला आहे.

आपल्याच व्यवहारशास्त्रांत दामदुपटीचाही नियम आहे. कोणत्याही एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज सावकारास वसूल करतां येत नाहीं. ऋणकोस पिळून काढणें हा न्याय नव्हे, असें त्याचें तात्पर्य. तेव्हां श्रीमंत राष्ट्रांनीं भिकेस लागावें, अशी मागणी कोणी शहाणा माणूस करीत नाहीं. मुद्दल मात्र बुडवूं नये, एवढेंच म्हणणें.

वचनें आणि हप्ते

ही भाषा आपलीच नव्हे. राष्ट्रांनींही ती मान्य केली आहे. १९७२ मध्यें स्टॉकहोमच्या परिषदेंत इंदिरा गांधींनीं दारिद्र्य व प्रदूषण यांचा परस्परसंबंध जगापुढें मांडला. १९९१ सालीं अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनीं एका लहानशा पुस्तिकेंत, गरिबाच्या पोटासाठीं होणारा धूर आणि श्रीमंताच्या चैनीसाठीं होणारा धूर एका मापानें मोजूं नका, असें बजावलें. १९९२ मध्यें रिओ येथील करारांत, जबाबदारी सर्वांची समान, परंतु तिचें मान भिन्न, हें तत्त्व लिहिलें गेलें.

लिहिलेलें पाळणें मात्र अवघड ठरलें. १९९७ च्या क्योतो करारास अमेरिकेनें अखेरची मान्यता दिलीच नाहीं. कॅनडानें २०११ मध्यें अंग काढून घेतलें. २०१५ च्या पॅरिस करारांतून अमेरिका २०२० मध्यें बाहेर पडली, २०२१ मध्यें परतली आणि जानेवारी २०२५ मध्यें पुन्हां बाहेर पडण्याची घोषणा करून मोकळी झाली. २००९ मध्यें कोपनहेगन येथें श्रीमंत राष्ट्रांनीं वचन दिलें कीं, २०२० पासून गरीब राष्ट्रांना प्रतिवर्षीं १०० अब्ज डॉलर उभे करून देऊं. तो आंकडा दोन वर्षें उशिरां, २०२२ मध्यें गांठला गेला. आणि त्यांतील मोठा भाग कर्जरूपानें होता. ऋणकोनें धनकोलाच कर्ज द्यावें आणि तेवढ्यानें ऋण फिटलें म्हणावें, असला हा व्यवहार! २०२२ मध्यें हानिभरपाईसाठीं स्वतंत्र निधि काढण्याचें ठरलें, आणि २०२४ मध्यें बाकू येथें २०३५ पर्यंत वर्षास ३०० अब्ज डॉलरचें नवें वचन मिळालें. भारतानें तें तोकडें असल्याचें तेथेंच स्पष्ट सांगितलें.

तरीही सारें निराशाजनक आहे असें नाहीं. पॅसिफिक महासागरांतील कायद्याच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं २०१९ सालीं एक कल्पना काढली. वानुआतू या चिमुकल्या राष्ट्रानें ती उचलून धरली, आणि २३ जुलै २०२५ रोजीं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें अभिप्राय दिला कीं, हवामानाचें रक्षण हें राष्ट्रांचें कायदेशीर कर्तव्य आहे व त्यांत कसूर झाल्यास भरपाईचा प्रश्न उपस्थित होऊं शकतो. अभिप्राय बंधनकारक नाहीं. परंतु देवबागच्या बाईंनीं विचारलेला प्रश्न आतां न्यायमंदिरांत नोंदला गेला आहे.

ऋणाचा एक लहानसा हप्ता तर खुद्द आपल्या खाड्यांपर्यंत पोंचला. २०१० सालीं ठरलेल्या हरित हवामान निधींतून २०१८ मध्यें महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओरिसा यांच्या किनाऱ्यांसाठीं ४ कोटी ३४ लक्ष डॉलरचें अनुदान मंजूर झालें. सिंधुदुर्ग त्यांत आहे. कांदळवनें पुन्हां लावणें, खेकडेपालनासारखीं उपजीविकेचीं साधनें देणें, असें त्याचें स्वरूप. कांदळवन म्हणजे फुकट मिळालेला बंधारा. लाटेचा जोर तें मोडतें, चिखलांत कर्ब गाडून ठेवतें आणि माशांच्या पिलांना आसरा देतें. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडींत स्त्रियांच्या एका बचतगटानें हींच वनें होडींतून दाखविण्याचा उद्योग २०१७ सालीं सुरू केला. उभें झाड तोडलेल्या झाडापेक्षां अधिक मिळवून देतें, हें त्यांनीं व्याख्यान न देतां सिद्ध केलें.

आपलें खातें

येथपर्यंत वाचून आपण सुस्कारा टाकला असेल, तर तो थोडा लवकर झाला. वारशाचा न्याय परक्यांना लावला. आतां तो घरांत आणला पाहिजे.

भारतानें २०७० पर्यंत आपलें कर्बखातें शून्यावर आणण्याचें वचन २०२१ मध्यें दिलें आहे. विजेच्या स्थापित शक्तींतील निम्मा वांटा कोळसा-तेलाव्यतिरिक्त साधनांचा व्हावा, हें २०३० चें लक्ष्य २०२५ मध्येंच गांठलें, ही अभिमानाची गोष्ट. परंतु प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेंतील बहुतांश अजून कोळशाचीच आहे, हेंही तितकेंच खरें.

आणखी एक गोष्ट अधिक टोंचणारी. दरडोई २ टन ही सरासरी आहे, आणि सरासरी ही मोठी सोयीची चादर असते. तिच्याखालीं देवबागची जाळें उसवणारी बाईही झांकली जाते आणि पुण्यामुंबईचें सुशिक्षित कुटुंबही. ज्या घरांत तीन खोल्यांना वातानुकूलन आहे, दारांत दोन मोटारी आहेत, आणि जें वर्षांतून एकदां परदेशस्थ मुलांकडे विमानानें जाऊन येतें, त्याचें खातें देवबागशीं जुळत नाहीं. तें युरोपाशीं जुळतें. परिषदेंत आपले प्रतिनिधि गरिबांच्या नांवानें जी सवलत मागतात, ती गरिबांसाठींच आहे. तिच्या आडोशास आपण उभें राहणें हें, सौम्य शब्दांत बोलावयाचें तर, शोभत नाहीं.

मालवणच्या किनाऱ्यावर अजूनही कोठें कोठें रापण ओढतात. होडी समुद्रांत अर्धवर्तुळ घेऊन जाळें सोडते आणि त्याचे दोन दोर किनाऱ्यावर येतात. मग सारा मेळ दोरांना लागतो. तरणे पुढें वांकून जोर करितात, म्हातारे मागें दोर गोळा करितात, मुलेंही हात लावतात. प्रत्येकाचें बळ सारखें नसतें आणि कोणी तें सारखें मागतही नाहीं. परंतु दोर सोडून वाळूंत बसणाऱ्यास मासळीच्या वांट्याच्या वेळीं मान वर करतां येत नाहीं. ‘समान परंतु भिन्न जबाबदारी’ या शब्दांचा अर्थ रिओच्या कागदापेक्षां या वाळूवर अधिक चांगला कळतो.

अमेरिका व युरोप यांनीं सर्वांत पुढें लागावें, कारण बळही त्यांचें आणि ऋणही त्यांचें. चीननें आतां मागें राहूं नये. भारतानें आपल्या शक्तीप्रमाणें ओढावें, आणि भारतांतील ज्यांची शक्ति अधिक, त्यांनीं अधिक. आपलें विजेचें बिल, आपला प्रवास, नव्या घराचें बांधकाम आणि आपण निवडून देतों तो प्रतिनिधि, हे आपल्या हातांतील दोर होत.

देवबागच्या त्या बाईंना मीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं. आतां देतां येईल. बाई, यांत तुमचें कांहीं चुकलें नाहीं. चुकलें तें वारसा घेऊन ऋण विसरणाऱ्यांचें. आणि त्या यादींत, फार वर नसलें तरी, आमच्या घराचेंही नांव आहे.